लिव्हिंग विल: ते काय असतं, कशासाठी असतं आणि सोलापुरात ते कसं करायचं

आयसीयूच्या बाहेर बाकावर आम्ही चौघं भावंडं बसलो होतो. अप्पा आत व्हेंटिलेटरवर, अकरावा दिवस. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. गळ्याला छिद्र पाडून तिथनं श्वासाची सोय करावी लागेल. सही कोण करतंय?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. अप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, हिशेबाला पक्के. घर कुणाला, दागिने कुणाला, सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. आपण असे निपचित पडलो तर काय करायचं, याची मात्र एक ओळ त्या वहीत नव्हती.

दादाचं म्हणणं, अप्पांना असं नळ्यांत अडकून पडणं सोसलं नसतं. धाकट्याला ते ऐकवेना. "दादा, बापाचा श्वास बंद करा म्हणतोस व्हय रे?" शेवटी सही मी केली. त्यानंतर अप्पा बारा दिवस होते, डोळे एकदाही उघडले नाहीत. दादा आणि धाकटा पुढं कित्येक वर्षं एकमेकांशी कामापुरतं बोलायचे.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारायचं तेच विचारलं. उत्तर ज्यांच्याकडं होतं त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना बोलता येत होतं त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. लिव्हिंग विल ही या नेमक्या वेळेसाठी आधीच करून ठेवायची गोष्ट आहे. गेली काही वर्षं मी जुळे सोलापुरातल्या ओळखीच्या घरांतून जाऊन याबद्दल सांगते, कागद लिहायला मदत करते. तिथं विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं क्रमानं मांडते.

आधी गोंधळ दूर करू

लिव्हिंग विल म्हणजे शुद्धीत असताना लिहून ठेवलेली वैद्यकीय सूचना. उद्या मी बरी होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलताही येत नसेल, तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि माझ्या वतीनं कोणी बोलावं, हे त्यात असतं. मराठीत याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. नुसतं 'इच्छापत्र' म्हटलं की लोकांना घरजागेचं मृत्युपत्र आठवतं, म्हणून मी 'लिव्हिंग विल' हाच शब्द वापरते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हा कागद माणूस जिवंत असतानाच कामाला येतो, आणि त्यात मालमत्तेचा म सुद्धा नसतो.

दुसरा गोंधळ 'इच्छामरण' या शब्दाचा. तो ऐकला की बाणांच्या शय्येवर उत्तरायणाची वाट बघणारे भीष्म डोळ्यांसमोर येतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "म्हणजे इंजेक्शन देऊन मारायचं का?" नाही. इंजेक्शन देऊन जीव संपवणं भारतात गुन्हाच आहे, आणि लिव्हिंग विलमध्ये तसं लिहिलं तरी कोणताही डॉक्टर ते करू शकत नाही. इथं प्रश्न एवढाच असतो, की बरं करण्याची ताकद ज्या उपचारांत उरलेली नाही आणि जे फक्त मरण लांबवतात, ते चालू ठेवायचे का. ते थांबवले की आजार आपल्या गतीनं जातो.

सोलापुरात जैन समाज मोठा आहे, त्यामुळं सल्लेखनेचा प्रश्न हमखास येतो. सल्लेखना हे व्रत आहे. माणूस शुद्धीत असताना, धर्मभावनेनं, मरण येईपर्यंत आहार कमी करत जातो. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये त्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसवलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तो विषय वेगळा. लिव्हिंग विलला कोणत्याही व्रताची किंवा धर्माची अट नाही. देहदान आणि अवयवदानही वेगळं. त्यांचे अर्ज वेगळे भरावे लागतात, या कागदात नुसता उल्लेख करून भागत नाही.

हा हक्क आला कुठून

थोडक्यात सांगते, कारण नोटरीसमोर किंवा दवाखान्यात कुणी "असं काही नसतं" म्हणालं तर तुम्हाला दोन तारखा तोंडपाठ हव्यात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि पुढची जवळपास बेचाळीस वर्षं त्या भान हरपलेल्या अवस्थेत त्याच रुग्णालयात होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळलं. त्यांच्या प्रकरणात मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवायला परवानगी नाकारली, पण काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या संमतीनं, तसं करता येईल हे मान्य केलं. मे २०१५ मध्ये त्या न्यूमोनियानं गेल्या.

पुढं कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. घटनेच्या कलम २१ नं जगण्याचा जो हक्क दिला आहे, त्यातच सन्मानानं मरण्याचाही हक्क येतो, आणि त्यासाठी आधी लिहून ठेवलेली सूचना कायद्यानं चालेल, असं त्यात म्हटलं. ही पहिली तारीख. त्या निकालात मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट होती, आणि आजारी, म्हाताऱ्या माणसाला ती झेपणारी नव्हती. २४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती काढली आणि सगळी पद्धत सोपी केली. ही दुसरी तारीख. खाली जे सांगते ते या सुधारलेल्या पद्धतीप्रमाणं.

पहिली पायरी: फॅमिली डॉक्टरकडं वेळ मागून बसा

बहुतेक लोक थेट नोटरीकडं धावतात. तसं करू नका. आधी ज्या गोष्टींना हो किंवा नाही म्हणायचं आहे त्या समजून घ्या. गर्दीच्या वेळी नको, दुपारी डॉक्टर मोकळे असतील तेव्हा जा आणि निदान एवढं विचारा:

व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या माणसाला बोलता येतं का, भूल देऊन ठेवावं लागतं का? हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, शॉक देऊन ते सुरू करायचा प्रयत्न करतात, त्याला सीपीआर म्हणतात. माझ्या वयाला, माझ्या आजारात त्याचा उपयोग किती? म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडू शकतात, हे अनेकांना माहीतच नसतं. डायलिसिस एकदा सुरू केलं तर थांबवता येतं का? नाकातून नळी घालून अन्न देणं म्हणजे काय, आणि शेवटच्या दिवसांत भूकच मंदावते तेव्हा त्याचा फायदा की त्रास?

हेच उपचार दुसऱ्या वेळी प्राण वाचवतात, हेही लक्षात ठेवा. विजापूर रोडवर अपघात झालेला तरुण चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून घरी येतो. न्यूमोनिया झालेली साठीची बाई आठवड्यात उठून बसते. "मला व्हेंटिलेटर कधीच नको" असं सरसकट लिहिलेला कागद म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. बरं होण्याची आशा असताना उपचार हवेतच, आशा संपल्यावर काय हा खरा प्रश्न. मधला मार्गही असतो: ठरावीक दिवस प्रयत्न करून बघायचा, सुधारणा नसेल तर थांबायचं.

दुसरी पायरी: घरात बोला आणि माणूस निवडा

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि सगळ्यात मोलाचीही. कागद तासाभरात होतो, हे बोलणं व्हायला कधी कधी वर्ष जातं. घरात विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं: "असलं अभद्र बोलू नगा की." संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत लेकी-सुना, नातवंडं घरी असतात, म्हणून मी लोकांना सांगते की तेव्हाच बोला. सण आहे म्हणून थांबू नका. सगळे एका जागी पुन्हा केव्हा येणार, आणि ते कोणत्या कारणानं, हे कुणाला सांगता येतं?

सुरुवात दुसऱ्याच्या उदाहरणानं करावी. "शेजारच्या मावशींचं शेवटी कसं झालं बघितलंस ना, मला तसं नको बाळा." एवढं म्हटलं तरी वाट मोकळी होते.

मग तुमच्या वतीनं बोलणारा माणूस निवडा. २०२३ च्या सुधारणेनंतर एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात, ती पालक म्हणून किंवा जवळचे नातेवाईक म्हणून. दोन तरी लिहाच, कारण पहिला परगावी असू शकतो. थोरला मुलगा म्हणून त्याचंच नाव लिहायचं, असा काही नियम नाही. ज्याला तुमचं मन माहीत आहे, डॉक्टरसमोर जो गडबडणार नाही, आणि स्वतःला पटलं नाही तरी तुमचं म्हणणं मांडेल, असा माणूस हवा. पुण्या-बंगळूरला नोकरीला असलेल्या मुलापेक्षा कधी कधी होटगी रोडला राहणारी भाची जास्त योग्य असते. मुलाला मात्र ते आधी सांगा. त्याला दवाखान्यात पहिल्यांदा कळलं तर त्याच्या मनाला लागेल, आणि तिथंच भांडण उभं राहील.

माझ्या कागदात पहिलं नाव नवऱ्याचं आहे. दुसरं मी धाकट्या भावाचं लिहिलं. अप्पांच्या वेळी ज्याला नळी काढायचा विचारही सोसत नव्हता, तोच. मी त्याला म्हटलं, "तुला अवघड जाणार हे माहीत आहे मला. पण मी सांगितलेलं तू मोडणार नाहीस, हेही माहीत आहे." तो दोन महिने गप्प राहिला. मग एका रविवारी फोन आला, "ताई, प्रत पाठव. वाचतो."

तिसरी पायरी: लिहा

कागद करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीत हवी, आणि ती स्वखुशीनं करत असावी. भाषा कोणतीही चालते. निकालात स्टँप पेपरची अट नाही. तुमचे नोटरी कसला कागद मागतात ते आधी विचारून जा म्हणजे हेलपाटा पडत नाही. मजकूर साधारण असा असावा, आपापल्या परीनं बदलून घ्या:

"मी, अमुक, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. मला बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्यात असेल, किंवा मी शुद्धीवर येण्याची आशा नाही असं तज्ज्ञ डॉक्टरांचं मत झालं असेल, आणि त्या वेळी मला माझा निर्णय सांगता येत नसेल, तर केवळ मृत्यू लांबवणारे उपचार मला सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत. यात व्हेंटिलेटर, सीपीआर, डायलिसिस यांचा समावेश आहे. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे उपचार मला अखेरपर्यंत द्यावेत. माझ्या वतीनं निर्णय सांगण्यासाठी मी अमुक आणि अमुक यांची नावं देत आहे. या लिखाणाचे परिणाम मला समजले आहेत. हे पत्र मी केव्हाही लेखी रद्द करू शकते किंवा बदलू शकते."

वेदना कमी करण्याचं वाक्य गाळू नका. उपचार थांबवले म्हणजे माणसाला तळमळत सोडलं, अशी भीती नातेवाइकांना असते. तसं होता कामा नये. दुखणं शमवणं, धाप कमी करणं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, ही सेवा चालूच राहते. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती हीच. शेवटचे दिवस घरी काढायचे असतील, भजन ऐकायचं असेल, तर तेही लिहा. कायद्याला त्याची गरज नाही, पण घरच्यांना आहे.

आपल्या गावाची एक खास गोष्ट आहे. पूर्व भागात कितीतरी घरांतले आजी-आजोबा तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे कन्नड. त्यांच्यासाठी मुलानं मराठीत टाइप करून आणलेला कागद आणि त्यावर आजीचा अंगठा, एवढं पुरेसं समजू नका. आजीला तिच्या भाषेत वाचून दाखवा, तिनं तिच्या शब्दांत उलट सांगू दे, आणि "हा मजकूर तेलुगूत वाचून दाखवला, समजला" अशी ओळ खाली घाला. एका साक्षीदाराला ती भाषा येत असावी.

चौथी पायरी: साक्षीदार आणि नोटरी

दोन साक्षीदार लागतात, शक्यतो ज्यांचा यात काही संबंध नाही असे. वारसदार, सून, जावई टाळा. शेजारी, जुने सहकारी, भिशीतल्या मैत्रिणी चालतील. त्यांच्यासमोर सही करायची आणि मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरी सहज मिळतात. हा माणूस स्वखुशीनं आणि समजून सही करतो आहे याची आमची खात्री झाली, असं साक्षीदारांनी आणि नोटरींनी लिहायचं असतं. तेवढी ओळ आहे ना, बघून घ्या. आधार कार्ड दोन्ही साक्षीदारांचंही बरोबर ठेवा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी नोटरी घरी येतात का, ते आधी विचारा.

पाचवी पायरी: प्रती पोचवा

एक प्रत ज्यांची नावं लिहिली त्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेला. शहरात राहणाऱ्यांसाठी ती सोलापूर महानगरपालिका, बार्शी किंवा पंढरपूरसारख्या ठिकाणी नगरपरिषद, आणि मोहोळ-माढ्याकडच्या खेड्यात राहत असाल तर ग्रामपंचायत. हा कागद सांभाळायला तिथं अधिकारी नेमलेला असावा, असं न्यायालयाचं म्हणणं आहे. त्याला कस्टोडियन म्हणतात. नेमणुका रखडल्या तेव्हा मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात नेमणुकांना गती आली.

महापालिकेत जाताना दोन प्रती न्या. आरोग्य विभागात लिव्हिंग विलचे कस्टोडियन कोण आहेत ते विचारा, एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. टेबलावरच्या माणसाला विषय नवा असेल तर चिडू नका. २४ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असा उल्लेख करून एक साधा अर्ज वर जोडा, म्हणजे कागद आवक नोंदीत तरी जातो. तुमचं डिजिटल आरोग्य खातं असेल तर त्यातही तो जोडता येतो.

घरची प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही. आमच्या घरी ती औषधांच्या डब्यात आहे आणि दोघांच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा

कागद दाखवला आणि लगेच मशीन बंद केलं, असं होत नाही. हे समजलं की घरच्यांची भीतीही बरीच कमी होते. आधी उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे का ते तपासतात. मग रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. त्यांचा होकार आला तर दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही तेवढाच वेळ. कागदात नाव असलेल्यांची संमती घेतली जाते. उपचार थांबवण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. दुसऱ्या मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

मंडळ बसेपर्यंत घरच्यांनी काय करायचं? आळीपाळीनं जवळ बसायचं, आणि ज्याचं नाव कागदात आहे त्यानं एकट्यानंच डॉक्टरांशी बोलायचं. चार जणांनी चार वेळा विचारलं की चार अर्थ निघतात. हे आम्ही अप्पांच्या वेळी पुरेपूर भोगलं.

बदलायचं असेल तर, आणि कागदच नसेल तर

मन बदललं तर शुद्धीत असेपर्यंत केव्हाही लेखी बदल करता येतो किंवा सगळंच रद्द करता येतं. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात. म्हणून जुन्या प्रती ज्यांना दिल्या त्यांच्याकडून परत घ्या. मी दर संक्रांतीला माझा कागद काढून वाचते. मोठं आजारपण झालं, नाव लिहिलेला माणूस गेला किंवा परदेशी स्थायिक झाला, की तेव्हाही वाचावा.

घरातला माणूस आत्ताच आयसीयूत आहे आणि कागद नाही, असे फोनही मला येतात. त्यांच्यासाठीही रस्ता आहे. कागद नसताना जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं हीच दोन मंडळांची पद्धत चालते. अशा वेळी डॉक्टरांना सरळ म्हणा, "आम्हाला यांच्या बरं होण्याची शक्यता किती ते स्पष्ट सांगा, आणि प्राथमिक वैद्यकीय मंडळाबद्दल बोलायचं आहे." त्याआधी सगळ्या भावंडांनी दवाखान्याबाहेर पाच मिनिटं एकत्र उभं राहावं. 'मला काय वाटतं' हे बाजूला ठेवून प्रत्येकानं एवढंच आठवावं, की आई किंवा अप्पा याबद्दल कधी काय बोलले होते. कुणाच्या तरी मयतीवरून परतताना, बातमी वाचताना, एखाद्या नातेवाइकाला भेटून आल्यावर. काही ना काही बोललेले असतात. ते वहीत तारखेसह लिहा, आणि तिथून बोलायला सुरुवात करा.